मागच्या दारचं पाणी

मी रेडिओवर बोलते. सरकारी रेडिओचं आमचं पेणचं केंद्र अगदी लहान आहे. एक स्टुडिओ, काचेपलीकडे यंत्रांची खोली आणि श्रोत्यांचे फोन घ्यायला एक बाई. आठवड्यातून एकदा दुपारी माझा गप्पांचा कार्यक्रम असतो. कधी हमरापूरचा एखादा मूर्तिकार येतो, कधी नाटकवाले, कधी दारूबंदीसाठी झटणाऱ्या बाया. शेवटची काही मिनिटं श्रोत्यांची. मी राहते अष्टमीला, पूल ओलांडला की रोहा. तिथून रेल्वेने पेणला येते. माझं माहेर पेणच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाला लागून. गावाचं नाव लिहीत नाही. आई-बाबा अजून तिथेच राहतात.

बाबांनी उभा जन्म मिठागरात काढला आणि संध्याकाळी भजनात पखवाज वाजवला. गावाचं भजनी मंडळ जुनं. मंडळाचे बुवा तेच आमच्या गावकीचे प्रमुख. गावकी म्हणजे गावातल्या मोठ्या माणसांची बैठक. देवळाचा उत्सव, लग्नाचे मानपान, कोण कुणाशी कसं वागेल, सगळं तिथे ठरतं. बुवांना मी लहानपणापासून काका म्हणते. जत्रेच्या गर्दीत त्यांनी मला खांद्यावर बसवून देव दाखवलाय. आवाज जाड, खालच्या पट्टीत सुरू होणारा. ते गात, बाबा वाजवत. दोघांची जोडी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होती.

आमच्या घराला लागून एका विधवा बाईचं घर आहे. मी तिला काकू म्हणते. गेल्या निवडणुकीत काकू सरपंचपदाला उभी राहिली. गावकीने आपला माणूस आधीच ठरवला होता आणि दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही असं सांगितलं होतं. काकूने भरला. ती पडली, तरीही निकालानंतर देवळात बैठक झाली आणि ठरलं, की हिच्याशी कुणी बोलायचं नाही, हिच्या घरी जायचं नाही, गावच्या नळावर हिची कळशी लागू द्यायची नाही. खारेपाटात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नळ बंद म्हणजे सगळंच बंद. काकूने मुंबईच्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, इकडे ये. ती गेली नाही. आपल्या घरातून आपण का जायचं, एवढंच तिचं म्हणणं.

मग माझी आई पहाटे उजाडायच्या आत एक हंडा जास्त भरून मागच्या दाराशी ठेवू लागली. काकू कुंपणातून हात घालून तो घेई आणि रिकामा परत ठेवी. दोघी बोलत नसत. आईने हे फक्त मला सांगितलं होतं, तेसुद्धा अष्टमीला माझ्या घरी आली असताना, स्वयंपाकघरात, दार लावून.

"बाबांना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाय. त्यांना नको सांगू. त्यांचा भजन हाय."

असं असताना केंद्रावर माझ्या कार्यक्रमासाठी विषय ठरला, वाळीत टाकण्याचा. पाहुण्या म्हणून रोह्याच्या एक वकीलबाई येणार होत्या. अशा कितीतरी घरांच्या केसेस त्यांनी चालवल्या होत्या. विषय माझ्या हाताबाहेरचा नव्हता, मी नको म्हणू शकले असते. पण ज्या गोष्टीवर बोलायला आपण भितो तीच सोडून बाकीच्यांवर गप्पा मारायच्या, हे मला जमेना. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"गावाचा नाव काढू नको हां."

"नाही काढत."

"कुनाचाच काढू नको."

मी काढलं नाही. वकीलबाई छान बोलल्या. गावकी वाईट नसते, ती गावाला धरून ठेवते, पण माणसाला तोडायचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही, असं म्हणाल्या. असं करणं कायद्याने गुन्हा आहे आणि लोक तक्रार देत नाहीत कारण तक्रार देऊन पुन्हा त्याच गावात झोपायचं असतं, हेही सांगितलं. मी नेहमीसारखे प्रश्न विचारत होते.

मग फोन सुरू झाले. नागोठण्याहून एका मास्तरांचा आला, निडीहून एका मुलीचा. तिसरा फोन जोडला गेला.

"नमस्कार, कुठून बोलताय आपण?"

"पेनच्या बाजूनं बोलतो, बाय."

मला श्रोते ताई म्हणतात, मॅडम म्हणतात. बाय म्हणत नाहीत. आणि तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"कार्यक्रम चांगला चाललाय," बुवा म्हणाले. "वकीलबाई बरोबर बोलतात. वालीत टाकना वाईटच. आमच्या गावात तसला काय नाय. आमी सगली मिलून मिसलून राहतो."

"ऐकून बरं वाटलं. आपला प्रश्न काय आहे?"

"प्रश्न नाय. तुजी आई बरी हाय ना? या वयात पहाटंची उठते, मागच्या दाराशी पानी देते. अंधारात पाय घसरंल कधीतरी. जपायला सांग तिला."

जिल्हाभर लोक ऐकत होते आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नसेल. एका म्हाताऱ्या माणसाने निवेदिकेच्या आईची विचारपूस केली, इतकंच. मी मात्र समोरच्या प्रश्नांच्या कागदावर बोट फिरवत राहिले. काचेपलीकडून तंत्रज्ञ हात फिरवून खूण करत होता, बोला, बोला.

"धन्यवाद, काका," मी म्हणाले.

काका हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. फोन बंद झाला. तंत्रज्ञाने गाणं लावलं. वकीलबाईंनी कानावरचे हेडफोन काढले.

"कोण होतं?"

मी सांगितलं. त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "एकही वाईट शब्द वापरला नाही त्यांनी. म्हणून मला जास्त काळजी वाटते. आईंना आधी फोन करा."

फोन वाजत राहिला, आईने उचलला नाही. बाबांचा बंद होता. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. डोक्यात एकेक चित्र येऊ लागलं. आमचं मागचं दार कडीचं नाही, नुसती दोरी बांधलेली असते. आईला ऐकायला कमी येतं. खाडीच्या बाजूला घरामागे वस्तीच नाही.

पेणच्या नाक्यावरून गावाकडे जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसले. आत गावातल्या तीन-चार बायका होत्या, बाजार करून निघालेल्या. मी चढले तेव्हा त्या बोलत होत्या. मी बसल्यावर गप्प झाल्या. एक जण माझ्या बालपणीची मैत्रीण. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर बघत बसली.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

तिने ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं. मग नुसती मान हलवली. भाताची खाचरं, वीटभट्ट्या, बांध, सगळं नेहमीचंच मागे जात होतं, आणि मला वाटत होतं हा रस्ता संपूच नये.

घराचं पुढचं दार लावलेलं होतं. भर दुपारी आमचं दार मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. हाक मारली तेव्हा आतून बाबांनी विचारलं, "कोन?" आणि माझा आवाज ऐकूनही लगेच उघडलं नाही. दोघं धडधाकट होती. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचा फोन पदराखाली होता. वाजत असताना ती त्याच्याकडे बघत बसली होती. दुसरंच कुणी असेल, या भीतीने उचलला नव्हता.

"चांगला झाला कार्यक्रम," बाबा म्हणाले.

मग त्यांनी आईला विचारलं, "कवापासून देतेस गो?"

"निवडनुकीपासून."

"आनि मला सांगितला नाय."

"तुमाला सांगितला असता तर तुमी बंद करायला लावला असता. नायतर तुमी बुवाच्या समोर बसून खोटा बोलला असता. दोन्ही नको होता मला."

बाबा माझ्याकडे वळले. मी म्हणाले, माझ्या कार्यक्रमामुळे हे झालं. आई म्हणाली, "त्याला आधीच म्हाईत होता. तो फक्त सांगायला जागा शोधत होता."

संध्याकाळी एक माणूस दारात आला, उंबरा न ओलांडता म्हणाला, देवळात बोलावलंय. बाबा गेले. आम्ही दोघी दिवा न लावता बसलो. आई पुन्हा पुन्हा उठून मागच्या दाराची दोरी बघत होती. बाबा परत आले ते टोपी हातात घेऊन.

"काय बोलले?" आईने विचारलं.

"सगल्यांच्या समोर पाया पडाचा आनि बोलाचा की चुकला. उद्यापासून तिचा पानी बंद."

"तुमी काय बोललात?"

"बोललो, घरी विचारतो."

बाबांनी घरी विचारतो म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आई उठली, चूल पेटवली. दुसऱ्या पहाटे मागच्या दाराशी हंडा वाजला, तेव्हा बाबा जागे होते. ते पडून राहिले. पाया पडायला गेले नाहीत.

आता आमचंही घर त्यात गेलं. आमच्यासाठी मुद्दाम बैठक झाल्याचं कुणी सांगितलं नाही. दुकानदार आईला म्हणाला, साखर संपली, आणि मागच्या गिऱ्हाइकाला साखर बांधून दिली. मिनीडोर हात दाखवूनही थांबेना, आई भर उन्हात पेणपर्यंत चालत गेली आणि तिथून मला फोन केला. नळावर तिची पाळी आली की बायका बाजूला होत. तिला कुणी अडवत नसे, पण ती भरत असताना कुणी तिथे उभंच राहत नसे. आई म्हणाली, यापेक्षा कुनी शिव्या दिल्या असत्या तर बरा.

मी त्यांना अष्टमीला या म्हणून विनवलं. बाबा म्हणाले, गेलो की ते म्हणतील, पळाली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. उचलायला जरा उशीर झाला की मी चप्पल घालून उभी. फोन घेणाऱ्या बाईला मी सांगून ठेवलं, गाव विचारून मगच जोडत जा. पण गाव खोटंही सांगता येतं, हे दोघींनाही कळत होतं.

गणपती आले. दरवर्षी बाबा हमरापूरहून गावच्या टेम्पोतून मूर्ती आणायचे. या वर्षी टेम्पोवाला नाही म्हणाला, तेव्हा माझा नवरा अष्टमीहून गाडी घेऊन आला आणि मूर्ती आणली. आरतीला आम्ही चौघं. एरवी आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. काकूलाही बोलाव, असं मी म्हणाले. आई म्हणाली, तिलाच नाय यायचा, आपल्याला आनखी त्रास नको म्हनते.

आमच्याकडे गणपतीत भजनी मंडळ घरोघर फिरतं. दिवेलागणीला निघतात, प्रत्येक ओटीवर एक अभंग, एक गजर, चहा, आणि पुढचं घर. बाबांनी दुपारीच पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून ठेवली. आईने मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. मला दोघांनाही थांबवावंसं वाटत होतं, पण कोणत्या तोंडाने थांबवणार?

टाळांचा आवाज आळीच्या टोकाला ऐकू आला. मग जवळ आला. पखवाजावर दुसरंच कुणीतरी होतं, थाप कच्ची पडत होती. बाबा पखवाज मांडीवर घेऊन ओटीवर बसले. आमच्या आधीच्या घरी अभंग झाला, गजर झाला, चहा झाला. माणसं रस्त्यावर उतरली. टाळ वाजतच होते. आमच्या कुंपणापाशी आली आणि टाळ थांबले.

तशीच ती सगळी माणसं आमच्या घरासमोरून चालत गेली. बुवा पुढे. कुणी मान वर केली नाही. पायांचा आवाज तेवढा होता. काकूचं घर ओलांडलं, आणि पलीकडे जाताच बुवांनी पुन्हा आवाज लावला, टाळ पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या शांततेत मला जेवढी भीती वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. एवढी ओळखीची माणसं, आणि त्यांना एकदम गप्प होता येतं. उद्या यांतलाच कुणी आमच्या अंगावर आला, तर बाकीचे असेच मान खाली घालून पुढे जातील, हे मला त्या वेळी पक्कं कळलं.

बाबांनी पखवाजावर हात ठेवला होता. थाप मारली नाही. चहाचं आधण आटून गेलं.

गणपती विसर्जन झाल्यावर आईने मला सांगितलं, की ती आणि काकू पेणला पोलिसांत जाणार आहेत. मी घाबरले. खरं सांगायचं तर मी तिला थांबवू पाहत होते. रेडिओवर लोकांना तक्रार द्या म्हणणारी मी, फोनवर आईला म्हणत होते, जरा दिवस जाऊ दे, गावकी आपोआप सैल होईल.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. रात्री झोप नाय. पन बाय, घरात बसूनही तेच हाय. दार लावून बसायचा, फोन वाजला तर बघत बसायचा. हे किती दिवस?"

"आणि बाबा?"

"येनार नाय बोलले. पन मला अडवला पन नाय."

मी वकीलबाईंना कळवलं. त्या रोह्याहून आल्या. मी नाक्यावर उभी राहिले तेव्हा गावाच्या बाजूने दोघी चालत येताना दिसल्या, एकमेकींपासून जरा अंतर ठेवून, निवडणुकीपासून सवय झाली होती तशा. पोलीस ठाण्याच्या पायरीवर आईने काकूचा हात धरला. आत साहेबांनी खुर्च्या दिल्या आणि ऐकून घेतलं. काकू बोलायला लागली आणि रडू लागली, मग आईने सांगितलं. नळाचं, दुकानाचं, मिनीडोरचं. भजनाचं सांगताना थांबली. "हे लिहायचा का नाय, मला कलत नाय," ती म्हणाली. "गात नाय म्हनून कुनावर गुन्हा नाय होत ना?"

"लिहू," वकीलबाई म्हणाल्या.

गावकीच्या माणसांना बोलावणं गेलं. त्यांनी सांगितलं, आम्ही कुणाला वाळीत टाकलं नाही, सगळे मिळून मिसळून राहतो. पण त्यानंतर काकूची कळशी नळावर लागली. दुकानात साखर मिळू लागली. मिनीडोर थांबतो, ड्रायव्हर बोलत नाही. केस उभी आहे, तारीख लागायची आहे. बाबांना भजनाला अजून कुणी बोलावलेलं नाही, आणि त्याबद्दल ते आईला एका शब्दाने बोललेले नाहीत. ते आता संध्याकाळी बांधावर जाऊन बसतात. अंधार पडायच्या आत घरी येतात की नाही, हे मी फोन करून विचारते.

बुवा मला एकदाच भेटले, पेणच्या बाजारात, फुलांच्या दुकानापाशी. मी वळून जाणार होते, पण त्यांनी हाक मारली.

"तुजा आवाज चांगला येतो रेडिओवर," ते म्हणाले. "मी दर खेपेला ऐकतो."

चेहरा हसरा होता. पूर्वीसारखाच. त्यात काही होतं की नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. मी हो म्हटलं आणि हार न घेताच निघाले. स्टेशनपर्यंत मागे वळून बघत होते.

कार्यक्रम मी सोडलेला नाही. परवा प्रसारण संपल्यावर केंद्रावर माझ्यासाठी एक फोन आला. रोह्याकडून बोलते, एवढंच ती बाई म्हणाली, आवाज अगदी हळू.

"ताई, तुमी वकीलबाईंचा नंबर देता ना?"

"देते. लिहून घ्या."

"आमचा नाव कुठं येनार नाय ना? रेडिओवर?"

"नाही येणार."

"नक्की?"

"नक्की."

मागे कुणीतरी पुरुष काहीतरी बोलला. तिने फोनवर हात ठेवला असावा, सगळं बंद झालं. मग ती घाईघाईने म्हणाली, "मंग विचार करून करते मी फोन," आणि ठेवून दिला. नंबर तिने लिहून घेतलाच नव्हता. कुठल्या गावची, हे मला विचारता आलं नाही. अजून तिचा फोन आलेला नाही.